साथीच्या काळात परदेशी जाताना: कोल्हापूर सोडण्यापूर्वी पुरे करायचे आरोग्याचे कागद

ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट. माझी आक्का लेकीच्या बाळंतपणासाठी दुबईला निघाली होती. सकाळी कोल्हापुरातून गाडीनं निघून मुंबई गाठली, रात्री अकराला चेक-इनच्या रांगेत उभी राहिली. दोन्ही डोस झालेले, रिपोर्ट निगेटिव्ह, व्हिसा हातात. काउंटरवरच्या मुलीनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "स्वॅब किती वाजता घेतला?" रिपोर्टवर स्वॅबची तारीख होती, वेळ नव्हती. वेळ छापली होती ती रिपोर्ट तयार झाल्याची. दुबईला तेव्हा स्वॅब घेतल्यापासून ४८ तासांच्या आतला रिपोर्ट लागायचा, आणि तारखेवरून ४८ तास मोजता येत नाहीत. लॅबला फोन लावला, कुणी उचलला नाही. विमान गेलं. आक्का पाच दिवसांनी पोचली, तोवर नातू जन्मला होता.

त्या रात्रीपासून मी घरच्यांचे, गल्लीतल्यांचे, मित्रांच्या आईवडिलांचे कागद निघण्याआधी स्वतः तपासायला लागलो. कोविडबाबतची जागतिक आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला उठवली, बहुतेक देशांचे कोविडचे नियमही गेले. पण उमरा किंवा हजला जाणाऱ्याला, आफ्रिकेत नोकरीला जाणाऱ्याला आरोग्याचे कागद आजही लागतात, आणि पुढची साथ आली की सगळं पुन्हा लागेल. म्हणून जे शिकलो ते सविस्तर लिहितो आहे.

कागद बघतो कोण?

बऱ्याच जणांना वाटतं की कागद तिकडच्या विमानतळावर तपासतात. तिकडेही तपासतात, पण पहिली आणि खरी चाळणी लागते ती इथल्या चेक-इन काउंटरवर. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. त्यामुळे काउंटरवरचा माणूस सवलत देत नाही. त्याच्यासमोर 'टिमॅटिक' नावाची माहितीप्रणाली असते. तुमचं नागरिकत्व, कुठून कुठे, वाटेत कुठे थांबणार हे घातलं की कोणते कागद हवेत ते ती दाखवते. तो डॉक्टर नसतो. तुमची तब्येत कशी आहे हे त्याला ठरवायचं नसतं. कागद कुणाचा, कशाबद्दलचा, कधीचा आणि कुणी दिलेला, एवढंच तो दोन-तीन मिनिटांत बघतो.

आपल्या दृष्टीनं अडचण अशी की हा काउंटर कोल्हापुरात नाही. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरून परदेशी उड्डाण नाही. मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावं लागतं, आणि मुंबई म्हणजे जवळजवळ चारशे किलोमीटर. तिथं सापडलेली चूक तिथं दुरुस्त होत नाही, कारण लॅब इथं, डॉक्टर इथं, मूळ कागद कपाटात इथं. म्हणून प्रत्येक कागद काउंटरवाल्याच्या नजरेनं इथंच वाचून काढायचा.

पहिली पायरी: नियम कुठून घ्यायचा

तीन ठिकाणं बघा. ज्या देशात जायचं त्याच्या वकिलातीचं किंवा आरोग्य मंत्रालयाचं संकेतस्थळ, विमान कंपनीचं प्रवासनियमांचं पान, आणि वाटेत विमान बदलणार असाल तर त्या मधल्या देशाचे नियम. तिसरं ठिकाण लोक हमखास विसरतात. विमानतळाबाहेर पाऊलही टाकणार नसलात तरी मधला देश वेगळा कागद मागू शकतो. एकाच तिकिटावर पुढचं विमान आहे की दोन वेगळी तिकिटं काढली आहेत, यावरही नियम बदलतो. दोन तिकिटं असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करणं आलं.

व्हॉट्सॲपवर आलेलं परिपत्रक खोटंच असतं असं नाही, बहुधा ते जुनं असतं. साथीत नियम आठवड्यात बदलतात. म्हणून नियम तीनदा बघा: तिकीट काढण्याआधी, निघायच्या आठवडाभर आधी आणि निघायच्या आदल्या दिवशी. प्रत्येक वेळी तारखेसकट पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. वाद झाला तर काउंटरवर दाखवायला तोच उपयोगी पडतो.

नियम वाचताना वहीत या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मी खरंच वहीत लिहितो.

- चाचणी कोणती? आरटी-पीसीआर की रॅपिड अँटिजेनही चालेल?
- तास कुठून मोजायचे, स्वॅब घेतल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून?
- आणि कुठपर्यंत? पहिलं विमान सुटेपर्यंत, शेवटचं सुटेपर्यंत, की तिकडे उतरेपर्यंत?
- कोणत्या लशी मान्य, आणि शेवटच्या डोसनंतर किती दिवस जायला हवेत?
- लहान मुलांना कुठल्या वयापर्यंत सूट?
- निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे का?

दुसरी पायरी: नाव

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोळ इथंच होतात, आणि आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीमुळे होतात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असू शकतं. आधारवर ते सलग असतं. लसीकरण केंद्रावर रांग वाढलेली असताना कुणीतरी घाईनं टाइप केलेलं तिसऱ्याच प्रकारचं असतं. एका बाईंचं आधार लग्नाआधीचं, म्हणजे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतरचा. लस आधार दाखवून घेतलेली. कागद दोन्ही खरे, पण काउंटरवाल्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया. इंग्रजी स्पेलिंगही तसंच. 'शुभांगी'तला एक एच गळला तरी क्यूआर कोड वाचल्यावर येणारं नाव पासपोर्टशी जुळत नाही.

तेव्हा साधा नियम ठेवा: परदेशप्रवासासाठी लागणारा प्रत्येक आरोग्याचा कागद पासपोर्ट समोर ठेवून बनवायचा, आधार समोर ठेवून नव्हे. लॅबच्या फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे त्याच अक्षरांत लिहा आणि पासपोर्ट क्रमांक घाला. स्वॅब द्यायला जाताना पासपोर्टची झेरॉक्स न्या आणि ज्यांनी टाइप करायचं त्यांच्या हातात द्या. तोंडी सांगू नका.

कोविनवरच्या सर्टिफिकेटमध्ये दुरुस्तीची सोय 'रेझ ॲन इश्यू' या भागात दिली होती. नाव, जन्मवर्ष, लिंग दुरुस्त करायला, पासपोर्ट क्रमांक जोडायला, आणि दोन डोस दोन वेगळ्या नावांवर नोंदले गेले असतील तर ते एकत्र करायलाही. अट अशी होती की दुरुस्ती एकदाच. घाईत चुकीची दुरुस्ती केलेल्यांची फार पंचाईत झाली. अशी एकदाच मिळणारी संधी जिथे असेल तिथे आधी कागदावर लिहा, घरातल्या दुसऱ्याकडून वाचून घ्या, मग बटण दाबा.

आणखी एक: पासपोर्ट नवा केला की क्रमांक बदलतो. सर्टिफिकेटवर जुना क्रमांक असेल तर कोपरा कापलेला जुना पासपोर्टही बरोबर न्यायचा. आपल्याकडे पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळे नूतनीकरणासाठी पुण्याला हेलपाटा नसतो, पण काम लवकर काढा. आधी पासपोर्ट नवा करून घ्या, मगच इतर कागद.

तिसरी पायरी: लशीचं सर्टिफिकेट

लस घेतली असणं, ती लस त्या देशाला मान्य असणं आणि सर्टिफिकेट त्या देशाला मान्य असणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ मध्ये आपल्या लोकांनी तिन्हींचा त्रास भोगला.

कोव्हिशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाली, कोव्हॅक्सिनला ३ नोव्हेंबर २०२१ ला. मधल्या काळात कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेतलेला माणूसही अनेक देशांच्या लेखी लस न घेतलेलाच होता. सप्टेंबरमध्ये ब्रिटननं कोव्हिशील्ड मान्य केली, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य केलं नाही. तेव्हाच्या सर्टिफिकेटवर पूर्ण जन्मतारीख नव्हती, ती पुढे परदेशप्रवासाच्या सर्टिफिकेटवर आली. भारतानंही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्यांवर दहा दिवसांचं विलगीकरण लावलं, आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननं कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांवरची विलगीकरणाची अट काढली. त्या काही आठवड्यांत कॉलेज सुरू होणाऱ्या मुलांचे काय हाल झाले ते मी जवळून पाहिलं आहे.

यातून घ्यायचं ते असं. लस निवडायची संधी असेल आणि परदेशी जाणं ठरलेलं असेल, तर आधी त्या देशाची मान्य यादी बघा. दोन डोसांमधलं अंतर लक्षात घ्या. कोव्हिशील्डसाठी ते ८४ दिवसांवर गेलं तेव्हा शिक्षण आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची खास मुभा जून २०२१ मध्ये दिली गेली. ती माहीत नसल्यामुळे काही जणांनी प्रवेश पुढे ढकलले. अशी सवलत आहे का, हे आपण होऊन विचारावं लागतं. आणि लशीची मुदतही बघा. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२२ पासून सदस्य देशांमधल्या प्रवासासाठी मूळ डोसांची ग्राह्यता २७० दिवसांवर आणली. लस एकदा घेतली म्हणजे कायमचं काम झालं असं धरू नका.

सर्टिफिकेट पीडीएफ स्वरूपात फोनमध्ये, ईमेलवर आणि छापील अशा तीन ठिकाणी ठेवा. नुसता स्क्रीनशॉट नको, त्यातला क्यूआर कोड अस्पष्ट होतो. रंगीत प्रिंट काढा, पण लॅमिनेट करू नका. चकाकीमुळे स्कॅनर अडखळतो. आईवडिलांची नोंदणी कुणाच्या मोबाइल नंबरवर केली होती ते आजच शोधून लिहून ठेवा. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो नंबर असतो पुण्यात नोकरीला गेलेल्या पुतण्याचा.

चौथी पायरी: चाचणीचे तास

इथं जरा थांबून, पेन घेऊन हिशोब करा. उदाहरण घेऊ. विमान मुंबईहून रविवारी पहाटे साडेचारला सुटतं, दोहाला बदलतं, दोहाहून पुढचं विमान तिथल्या नऊ वाजता. नियम आहे ७२ तासांचा.

पहिल्या विमानापासून मोजलं तर ७२ तास मागे म्हणजे गुरुवारी पहाटे साडेचार. तेव्हा गुरुवारी सकाळी दहाला दिलेला स्वॅब चालेल असं वाटतं. पण देश शेवटच्या विमानापासून मोजत असेल तर? दोहाचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. त्यातून ७२ तास मागे गेलं की गुरुवारी सकाळी साडेअकरा. दहाचा स्वॅब बाद. विमानाला उशीर झाला तर आणखी बाद. म्हणून अशा प्रवासात मी गुरुवारी संध्याकाळी पाचला स्वॅब द्यायला सांगतो. शेवटच्या विमानापर्यंत साडेसहासष्ट तास होतात, उशिरासाठी साडेपाच तास हातात राहतात. शुक्रवारी रिपोर्ट येतो. त्यात चूक असली तर दुरुस्तीला शुक्रवारची संध्याकाळ मिळते. शनिवारी सकाळी गाडीनं निघा किंवा शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा.

४८ तासांचा नियम असेल तर हिशोब फार घट्ट होतो. तेव्हा मी दोन चाचण्यांचा खर्च सोसा असं सांगतो: एक कोल्हापुरात निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, मनाच्या खात्रीसाठी, आणि नियमातली मुंबईत किंवा पुण्यात. साठी-सत्तरीच्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचाच असेल तर तो घरी असताना यावा, परक्या गावातल्या लॉजवर नव्हे. त्या काळात दुबईसाठी यावर आणखी एक रॅपिड पीसीआर उड्डाणाआधी काही तास विमानतळावरच करावी लागायची. अशी अट असली तर विमानतळावर नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी पोचा.

पावसाळ्यात वेगळा विचार करा. जुलै २०२१ मध्ये साथ चालू असतानाच पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाहतूक काही दिवस बंद पडली. २०१९ मध्येही तेच झालं होतं. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी चढत असेल तर स्वॅब देऊन घरी वाट बघत बसू नका. एक दिवस आधीच पुणे गाठा आणि चाचणी तिथं करा.

रिपोर्ट हातात आला की वाचायचं ते एवढं: पासपोर्टप्रमाणे नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, चाचणीचा प्रकार, स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ, रिपोर्टची तारीख आणि वेळ, निकाल, लॅबचं नाव-पत्ता, सही-शिक्का, क्यूआर कोड. कोड स्वतःच्या फोननं स्कॅन करून बघा. उघडणाऱ्या पानावरही तेच नाव आणि तोच निकाल हवा. रिपोर्ट इंग्रजीत मागा. ज्या गोष्टीची शंका असेल ती लॅबमध्ये उभं राहूनच मिटवा, आणि लॅब रात्री किती वाजेपर्यंत फोन घेते तेही विचारून ठेवा. आक्काच्या रिपोर्टवर या यादीतली फक्त एक गोष्ट नव्हती.

नुकतंच आजारातून उठलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण विषाणूचे मृत अंशही त्या चाचणीत सापडतात. अमेरिकेनं त्यासाठी सोय ठेवली होती: गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र. तेव्हा जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट नकोशी आठवण म्हणून फाडून टाकू नका. तोच पुढे कामाला येतो.

साथ नसतानाही लागणारे कागद

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत लशीचा पुरावा मागण्यासाठी नाव घेऊन सांगितलेला आजार एकच आहे, तो म्हणजे पीतज्वर, ज्याला सगळे यलो फीव्हर म्हणतात. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत जाण्यासाठी, आणि तिथून भारतात परतण्यासाठी, त्याचं पिवळं कार्ड लागतं. लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारनं नेमलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते. यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. त्याशिवाय परतलात तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, त्यामुळे दहा वर्षांची मुदत छापलेलं जुनं कार्ड फेकू नका. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी असणं किंवा साठीपुढचं वय यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूपासून बनते.

उमरा आणि हजसाठी सौदी अरेबिया मेंदुज्वराची (मेनिंगोकॉकल) चार प्रकारांवरची लस मागतं, तीही पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली. सर्टिफिकेट लशीच्या प्रकाराप्रमाणे तीन किंवा पाच वर्षं चालतं, म्हणून लशीचा प्रकार त्यावर लिहिलेला हवाच. साथ आली की याच्यावर आणखी अटी चढतात, तेव्हा टूर कंपनीच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांची मेडिकल, जी पूर्वी 'गामका' म्हणून ओळखली जायची आणि आता 'वाफिद' या ऑनलाइन प्रणालीतून होते, ती यापेक्षा वेगळी. ती नेमलेल्या केंद्रातच करायची असते, आपल्या ओळखीच्या दवाखान्यातली चालत नाही.

रोजच्या औषधांसाठी डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या. औषधाचं मूळ नाव, डोस, आजार आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक त्यात हवा. दुबईला कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं, म्हणजे काही खोकल्याची सिरप आणि वेदनाशामकंसुद्धा, परवानगीशिवाय नेता येत नाहीत. इन्शुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. प्रवासविमा काढताना साथीच्या आजाराचा इलाज आणि सक्तीचं विलगीकरण त्यात धरलं आहे का ते पॉलिसीत शोधा, एजंटच्या सांगण्यात नको.

कोगनोळीची सीमा

परदेश राहू दे, साथीत आपल्याला पहिली सीमा लागली ती कागल ओलांडल्यावर. २०२१ मध्ये कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला आणि कोगनोळी नाक्यावर गाड्या परत फिरू लागल्या. त्यात काही काळ दोन डोस झालेल्यांनाही सूट नव्हती. निपाणीला सासर, बेळगावला दवाखाना असलेल्यांचे फार हाल झाले. गोव्याकडेही त्याच वर्षी तशीच अट होती. राज्याच्या आत जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास लागायचा. सप्टेंबर २०२० मध्ये तो गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा आला. रुग्णाला घेऊन जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, दवाखान्याची तारीख मिळाल्याचा पुरावा आणि गाडीतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र एकाच पिशवीत ठेवा. ड्रायव्हरचेही कागद लागतात, हे नाक्यावर पोचल्यावर आठवून उपयोग नाही.

परतीचं आधीच बघा

जाण्याच्या गडबडीत परतीचे नियम कुणी वाचत नाही. साथीच्या मोठ्या काळात भारतात परतण्यासाठी 'एअर सुविधा' संकेतस्थळावर फॉर्म भरून रिपोर्ट चढवावा लागायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद झालं आणि जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, थायलंडसह सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी थोडे दिवस परत सुरू झालं. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती, मोठ्यांना बराच काळ नव्हती. म्हणून निघण्याआधीच लेकाला किंवा सुनेला तिथली लॅब, तिचा दर आणि रिपोर्टला लागणारा वेळ विचारून ठेवायला सांगा. म्हाताऱ्या माणसांना परक्या भाषेत हे जमत नाही.

निघायच्या आदल्या रात्री जेवणानंतर सगळे कागद पाटावर मांडा. पासपोर्ट मधोमध. घरातल्या एकानं पासपोर्टवरचं नाव आणि क्रमांक अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं एकेक कागद हातात घेऊन ताडून बघायचा. मग तारखा आणि वेळा. पुढच्या वर्षी आक्का पुन्हा दुबईला गेली तेव्हा आम्ही असंच बसलो होतो. वेळेचा रकाना तिनं स्वतः बोट ठेवून वाचला आणि मगच पिशवीची चेन लावली.